तणशीवरच्या सात्या

आनंदाबाईला सात्यांची पारख आहे, हे करडी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आषाढात चार दिवस झड लागून एक दिवस उघडीप मिळाली की रानातल्या वारुळांवर पांढऱ्या छत्र्या उगवतात. शहरातली माणसं त्यांना अळिंबी म्हणतात, भंडाऱ्याकडं सात्या. कोणत्या वारुळावर त्या केव्हा येतील, हे आनंदाबाईला तिच्या आईनं लहानपणी फिरवून दाखवलं होतं. सकाळी टोपली घेऊन ती निघे आणि ऊन चढायच्या आत परत येई. अर्धी टोपली आपल्या घरी, अर्धी धाकट्या दिराच्या.

दीर म्हणजे कवडू. दोन भावांचं घर एक, आंगण एक, चुली मात्र वेगळ्या. कवडूला सात्या फार आवडत. वहिनी रानातून आली की तो टोपलीत डोकावून पाही आणि मग धानाच्या बांधीवरून जेवायला लवकर परते.

१९७६ च्या आषाढातल्या एका गुरुवारी त्यानं अशाच पोटभर सात्या खाल्ल्या. त्याची बायको चंद्रभागा हिचा त्या दिवशी उपास होता आणि तीन वर्षांची लेक दूधभातावर होती, म्हणून त्या दोघींनी सात्यांच्या कोरड्याशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी कवडूला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी थोडं बरं वाटलं. आंगणात येऊन बसला, उठून बैलांना चाराही टाकला. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की गेल्या तीन-चार दिवसांत यानं काय खाल्लं. पाचव्या दिवशी दुपारी तो गेला.

टोपलीतला दुसरा अर्धा वाटा आनंदाबाईच्या घरी शिजला होता. तिला आणि तिचा नवरा तुलाराम याला काहीही झालं नाही. तिच्या दृष्टीनं हेच सगळ्यात वाईट झालं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण एकदा विहिरीवर पाणी ओढताना पाठीमागून शब्द आले, ‘आपल्याले चांगल्या ठेवल्या.’ कोण बोललं हे तिनं वळून पाहिलं नाही.

चंद्रभागा तेवढंही बोलली नाही. तेरावा झाला आणि तिनं भावाला बोलावून आंगणात मधोमध बांबूची ताटी ठोकून घेतली. बैल विकले. त्यानंतर आठ वर्षं दोघी जावा त्या ताटीच्या दोन्ही बाजूंना राहिल्या. सणावारी एकीकडची वाटी दुसरीकडं गेली नाही. आनंदाबाईनं रान सोडलं. धानाच्या बांधीकडं जातानासुद्धा वारूळ दिसलं की ती दुसऱ्या धुऱ्यानं जाई.

मनात मात्र ती त्या दिवशीची टोपली पुन्हापुन्हा उपसत असे. तिसऱ्या वारुळाशी पावसाची सर आली होती. घाई झाली होती. मोहाच्या झाडाखाली काही बंद कळ्या दिसल्या, त्या उचलल्या काय? उचलल्या असाव्यात. पण नक्की आठवत नसे. आठ वर्षांत एकदाही नक्की आठवलं नाही.

१९८४ च्या पावसाळ्यात गावात नवीन ग्रामसेविका येऊ लागल्या. उषाबाई त्यांचं नाव. राहायला लाखनीला, दर मंगळवारी एस.टी.नं यायच्या. धूर न होणारी चूल, बाळंतिणीचा आहार, असं काही ना काही त्या बायकांना ग्रामपंचायतीच्या छपरीत बसवून सांगत. एका मंगळवारी त्यांनी पिशवीतून काचेची एक बाटली काढली. तोंडाला कापसाचा बोळा, आत तणशीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, तुकडे आणि त्यांच्यावर पांढरं, कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं.

“हे अळिंबीचं बियाणं,” उषाबाई म्हणाल्या. “तुम्ही सात्या म्हणता ना, त्यातलीच एक जात. धानाच्या तणशीवर घरच्या घरी येते. दोन आठवड्यांत भाजी.”

एकेका बाईनं मागं वळून आनंदाबाईकडं पाहिलं आणि पुन्हा नजर खाली घातली. मग कुणाला गाईचं दूध काढायचं आठवलं, कुणाचं लेकरू रडत होतं. थोड्याच वेळात छपरीत उषाबाई, बाटली आणि खांबाला टेकून बसलेली आनंदाबाई एवढंच उरलं.

“मी काही चुकीचं बोलले का?” उषाबाईंनी विचारलं.

आनंदाबाईनं त्यांना सगळं सांगितलं. रडली नाही. सांगून झाल्यावर तिनं बाटलीकडं बोट केलं.

“बाई, हे पेरलं तं हेच उगवते? दुसरं काही नाही?”

“तुम्ही स्वतः घातलेलं तेच वर येतं. एखाद्या वेळेस तण उगवतं, शेतात उगवतं तसं. पण ते वेगळं दिसतं, मी दाखवीन.”

“मंग मले द्या.”

तुलारामला घरी आल्यावर हे कळलं तेव्हा तो कितीतरी वेळ बिडी न पेटवता हातात धरून बसला.

“तुले अजून कायले पायजे ते?” तो शेवटी म्हणाला.

“मी रानात नाही जात. कोठ्याच्या पडवीत लावतो.”

“ते नाही म्हणत मी. चंद्रभागेले काय वाटन?”

आपल्याला ते कशासाठी हवं आहे, हे तिला नीट सांगता आलं नसतं. आठ वर्षं तिला आपल्या डोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता. इथं निदान काय पेरलं ते माहीत असणार होतं.

पुढच्या मंगळवारी उषाबाई गोठ्याची पडवी पाहायला आल्या. जागा त्यांना पसंत पडली. सावली होती, वारा बेताचा होता, जमीन ओलसर होती. पण तणीस हातात घेऊन त्यांनी मान हलवली. तुलारामच्या घरी धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, बैलांच्या पायांनी होई, त्यामुळं तणीस चेंदून भुसा झाल्यासारखी होती.

“ही लगेच सडेल. आपल्याला लांब, न मोडलेली काडी लागते. हातानं झोडपलेल्या धानाची तणीस आहे कुणाकडं?”

आनंदाबाईनं ताटीकडं पाहिलं. बैल विकल्यापासून चंद्रभागा धानाच्या पेंढ्या लाकडी पाटावर आपटून झोडपत असे. ताटीपलीकडं तिची तणीस रचलेली होती, कमरेइतकी लांब, सरळ, एकाही काडीचा मोड न झालेली.

उषाबाई गेल्यावर आनंदाबाई ताटीजवळ जाऊन उभी राहिली. पलीकडं चंद्रभागा सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

“चंद्रा.”

सुपाचा आवाज थांबला.

“मले थोडी तणीस पायजे होती. वीस-पंचवीस पेंढ्या.”

“तुमच्या घरी नाही काय?”

“हाय. पण मोडकी हाय. मले साबूत पायजे.” आनंदाबाईला ‘वासराखाली आंथराले’ असं म्हणता आलं असतं. ते ओठावर आलंही होतं. “सात्या लावाच्या हायेत. तणशीवर. ग्रामसेविका बाईनं बियाणं देल्लं.”

सूप खाली ठेवून चंद्रभागा घरात निघून गेली. आनंदाबाई तशीच उभी राहिली. आपण काय मागितलं, कुणाला मागितलं, हे तिला आता उमगलं. ती वळणार इतक्यात चंद्रभागा परत आली. डोक्यावरचा पदर नीट केलेला, चेहरा दगडासारखा.

“न्या,” ती म्हणाली. “पण मी पायीन. तुमी काय काय करता, ते सारं मी पायीन.”

“पाय.”

दुसऱ्या दिवशी आनंदाबाईनं तणशीच्या मनगटाएवढ्या जाड जुड्या बांधल्या, दोन्ही टोकं कोयत्यानं सारखी कापली आणि त्या हौदात बुडवून वर दगड ठेवले. अठरा तासांनी काढून निथळत लावल्या. गुरुवारी उषाबाई मुद्दाम आल्या. विटांवर बांबूच्या कामट्यांचा माचा केला. पहिला थर उभ्या जुड्यांचा, त्यावर कडेनं चार बोटं आत बाटलीतल्या बियाण्याचे अंगठ्याएवढे तुकडे, त्यावर चिमूटचिमूट तुरीच्या डाळीचं पीठ. दुसरा थर आडव्या जुड्यांचा. असे चार थर झाल्यावर हातांनी दाबून वर प्लास्टिकचा कागद झाकला.

“आता सात दिवस उघडायचं नाही,” उषाबाईंनी सांगितलं. “आत गरम राहिलं पाहिजे. बियाण्याला मोकळी हवा लागते ती नंतर.”

एवढा वेळ चंद्रभागा ताटीच्या पलीकडं उभी होती. बांबूंच्या फटीतून तिच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसत होता. डाळीचं पीठ टाकताना तिनं एकदाच विचारलं, “ते कायले?” उषाबाई म्हणाल्या, “त्याचं खाद्य.”

आठव्या दिवशी आनंदाबाईनं कागद काढला. तणीस पांढऱ्या धाग्यांनी भरली होती, आणि एका कोपऱ्यात बारीक देठांच्या राखी टोप्या उभ्या होत्या. दुपारपर्यंत त्या टोप्यांच्या कडा वितळून शाईसारखं काळं पाणी गळू लागलं. हे तिनं पेरलं नव्हतं. तिनं माचा दोन्ही हातांनी धरला. पूर्ण ढीगच खताच्या खड्ड्यात लोटून द्यावा, असं तिच्या मनात आलं.

“थांबा,” ताटीपलीकडून आवाज आला. “ते बाई म्हणे ना, तण येते म्हणून.”

“अन् तण नसलं तं?”

“मंगळवारी येतेच ना ते. तवापर्यंत कोणी खाऊन थोडीच राहिलं.”

आठ वर्षांत चंद्रभागा एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलली होती. आनंदाबाईनं माचा सोडला. मंगळवारी उषाबाईंनी त्या टोप्या पाहिल्या आणि चिमटीनं उपटून टाकल्या. “हेच ते तण. जुन्या तणशीतून येतं. उगवलं की फेकायचं, बस. ढीग चांगला आहे.”

चौदाव्या दिवशी सकाळी खरं पीक आलं. तणशीच्या कडेनं बोरांएवढे, सुपारीएवढे करडे गोळे निघाले होते, टिटवीच्या अंड्यांसारखे. दोन-तीन गोळे फुटून त्यांतून छत्र्याही वर आल्या होत्या. आनंदाबाईनं त्यांतली एक छत्री बुडाशी धरून हळूच पिरगळून काढली आणि उजेडात आणली. देठाच्या बुडाशी एक फाटकी पिशवी होती. पायमोजा गळून घोट्याशी यावा तशी.

“टाका ते.”

चंद्रभागा ताटीच्या टोकाकडून फिरून पडवीत आली होती. धावत आली असावी, पदर खांद्यावर घसरला होता.

“टाका म्हणतो ना. खाऊ नका. तेच हाय हे.”

“तेच म्हंजे?”

“ती पिशवी. तशीच होती बुडाले.” ती खाली बसली. “मी निवडत होतो त्या दिवशी. सात्या आपल्या नेहमीच्याच होत्या. दोन-चार कळ्या टोपलीतच उमलल्या होत्या, त्या मात्र वेगळ्या दिसल्या. बुडाले अशी पिशवी. मी हातात धरून पायल्या, अन् मले वाटलं, जाऊबाईनं आणल्या तं बरोबरच असन. त्यायच्यापेक्षा आपल्याले काय जास्त समजते? पिशवी काढून फेकली अन् देल्ल्या कोरड्याशात.”

आनंदाबाई हातातली छत्री तशीच धरून उभी राहिली. तिला आधी काहीच वाटलं नाही. मग राग आला, इतका की तिचा तिलाच धक्का बसला.

“आठ वर्षं झाले चंद्रा. आठ वर्षं तू हे बोलली नाही.”

“कोणाले बोलू? गाव म्हणलं असतं, बायकोनं पायलं अन् तरी वाढलं. तुमी आणल्या होत्या, तं तुमच्यावर गेलं. मी जाऊ देल्लं.” तिचा आवाज सपाट होता, जणू हे सगळं तिनं स्वतःशी पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. “ते ताटी तुमच्यावर रागावून नाही लावली. तुमचं तोंड पायलं की मले ते आठवे.”

गाय खुंट्याशी पाय आपटत होती. आनंदाबाई शेवटी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

“आणल्या तं मीच,” ती म्हणाली. “पिशवी बुडाले होती हेही मले माहीत नव्हतं. मी बुडाकडं न पायताच उपटल्या असन. तुले वेगळं दिसलं, मले तेही नाही दिसलं.”

चंद्रभागेनं पदरानं तोंड झाकलं. आनंदाबाईनं तिला रडू दिलं. राग अजून गेला नव्हता, पण त्याच्याखालून दुसरंच काही वर येत होतं. आठ वर्षं ती ज्या ओझ्याखाली एकटी वाकली होती, त्याच्या दुसऱ्या टोकाला ही बाई होती.

थोड्या वेळानं तिनं छत्री उलटी करून पाहिली.

“चंद्रा, आतून कशा होत्या त्या? हे पदर कसे होते?”

चंद्रभागेनं डोळे पुसून पाहिलं. छत्रीच्या आतले बारीक पदर फिकट गुलाबी होते.

“असे नाही. पांढरेफेक होते. साऱ्याच पांढऱ्या होत्या.”

त्या दिवशीचं पीक त्यांनी खाल्लं नाही. मंगळवारपर्यंत सगळ्या छत्र्या उघडून, काळवंडून कोमेजल्या. उषाबाई आल्या तेव्हा दोघी पडवीत शेजारीशेजारी बसलेल्या पाहून त्या क्षणभर दारातच थांबल्या. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“पिशवी या अळिंबीलाही असते आणि विषारीलाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पाहिलं ते बरोबर पाहिलं, चंद्रभागाबाई. ही उघडली की आतून गुलाबी होते, ती विषारी पांढरीच राहते. पण बंद कळी असताना वरून फरक समजत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, कॉलेजातल्या साहेबालाही रानात उभं राहून सांगता येणार नाही. म्हणून रानातली कळी कधी उचलायची नाही. इथं आपण काय पेरलं ते आपल्याला माहीत आहे.”

“म्हंजे जाऊबाईले वळखू आलंच नसतं,” चंद्रभागा म्हणाली.

“कुणालाच आलं नसतं.”

आनंदाबाई उठून पाणी आणायला गेली आणि माठाशी बराच वेळ थांबली.

आणखी पाच दिवसांनी ढिगाला दुसरा बहर आला. या वेळी पीक कमी, पण करडे गोळे घट्ट आणि ताजे होते. आनंदाबाईनं ते धुऊन चिरले, कांद्यावर परतले, हळद-तिखट घालून रस्सा केला. तुलाराम भिंतीला टेकून पाहत होता. तिनं स्वतःच्याच ताटात वाढून घेतलं तेव्हा तो म्हणाला, “मलेही दे.”

“उद्यापर्यंत थांबा.”

“इतके वर्षं तुह्याच हातचं खाल्लं. दे.”

दोघांनी खाल्लं. चंद्रभागा उंबऱ्यावर बसली होती, भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर पुढं ओढून. तिनं खाल्लं नाही, कुणी आग्रहही केला नाही.

दुसऱ्या सकाळी ती आली आणि आनंदाबाईच्या तोंडाकडं निरखून पाहत विचारलं, “बरं हाय ना?” तिसऱ्या सकाळी पुन्हा आली. चौथ्या सकाळी तिनं आनंदाबाईला उजेडात ओढून नेऊन डोळ्यांची पापणी खाली करून पाहिली. पाचव्या दिवशी ती दुपारभर आलीच नाही. कवडूही खाल्ल्यापासून पाचव्याच दिवशी दुपारी गेला होता, हे आनंदाबाईला आठवलं. तिनंही हाक मारली नाही.

सहाव्या दिवशी माच्यावर शेवटचे मूठभर गोळे निघाले होते. चंद्रभागा सकाळीच सूप घेऊन आली.

“आज मी रांधतो,” ती म्हणाली. “माझ्या चुलीवर. तुमी बसा फक्त.”

आनंदाबाई आठ वर्षांनी त्या चुलीपुढं बसली. भिंतीवरचा माती-शेणाचा पोतेरा नवा होता, कोनाड्यात लेकीची शाळेची पाटी होती. चंद्रभागेनं एकेक गोळा मधोमध कापून दोन्ही फाका तिच्यापुढं धरल्या. आनंदाबाई प्रत्येक फाक पाही आणि मान हलवी, मग ती कढईत जाई. पुढच्या आषाढातल्या आखाडीपर्यंत गावातल्या आणखी दोघी-तिघींनी बाटल्या मागितल्या आणि तेव्हाही या दोघींनी त्यांना असंच बसवून, एकेक कापून दाखवलं. पण तो पहिला दिवस फक्त त्यांचा दोघींचा होता.

वाढून झाल्यावर चंद्रभागेनं घास तोंडाजवळ नेला आणि थांबली. आनंदाबाईनं आपला घास घेतला आणि सावकाश चावला. मग चंद्रभागेनंही घेतला. डोळे मिटले, गिळला.

“कसं झालं?” तिनं विचारलं.

“तिखट कमी हाय.”

“त्यायले असंच लागे,” चंद्रभागा म्हणाली. कवडू गेल्यापासून त्याच्याबद्दल ती कुणाशी पहिल्यांदाच बोलत होती. “तुमच्या घरचं खाऊन आले की पाणी मागत. म्हणत, वयनीचा हात तिखटाले लय सुटा हाय.”

“मले तं कधी बोलला नाही.”

“तुमाले कसे बोलतीन? पुन्हा सात्या कोण देते मंग.”

आनंदाबाई हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. चंद्रभागेनं पाण्याचा गडू पुढं सरकवला आणि तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली.